‘मी सगळंच ऐकतो’ : एका वाक्याची चाचणी

‘तू कुठलं म्युझिक ऐकतोस?’ या प्रश्नाला आमच्या पिढीचं एक ठरलेलं उत्तर आहे: ‘मी सगळंच ऐकतो.’ ऑफिसात चहाच्या वेळी, हॉस्टेलच्या खोलीत, लग्नासाठी पहिल्यांदा भेटलेल्या दोघांच्या गप्पांत, सगळीकडे हेच. विचारलंत तर मीही हेच सांगेन. मी मेहकर तालुक्यातला, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. माझ्या फोनमधल्या एका प्लेलिस्टमध्ये कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं आहेत, मेटॅलिका आहे, इलैयाराजा आहे, आबिदा परवीन आहे, सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा ‘तिनारिवेन’ हा गिटार बँड आहे, मुंबईचा ‘स्वदेसी’ हा रॅप गट आहे आणि प्रल्हाद शिंदे आहेत. शफल लावलं की पाऊण तासात माणूस देवास, चेन्नई, माली आणि मंगळवेढा फिरून येतो.

आता धंद्यातली सवय सांगतो. एखादा डेव्हलपर ‘माझा प्रोग्राम कुठलाही इनपुट घेतो’ म्हणाला, की टेस्टर त्याच्याशी वाद घालत बसत नाही. तो गुपचूप रिकामी फाइल टाकतो, नावाच्या जागी इमोजी टाकतो, वयाच्या जागी उणे सात टाकतो आणि कुठे फुटतं ते बघतो. ‘सगळं’ या शब्दाचा खरा अर्थ तिथे कळतो. ‘मी सगळंच ऐकतो’ या वाक्याचीही अशीच चाचणी घेता येते. काय ऐकता हे विचारायचं नाही, काय आलं की लगेच पुढे सरकवता ते विचारायचं.

ही चाचणी अमेरिकेत तीस वर्षांपूर्वी झालेली आहे. १९९६ साली रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९८२ आणि १९९२ या दोन वर्षांच्या सर्वेक्षणांची तुलना करून दाखवलं की, ऑपेरा आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणारा वर्ग बदलतो आहे. पूर्वी ‘आम्ही फक्त उच्च तेच ऐकतो’ ही त्याची ऐट होती. आता तोच वर्ग खालच्या मानलेल्या गाण्यांतलंही बरंच ऐकू लागला होता. या नव्या रसिकाला त्यांनी ‘सर्वाहारी’ म्हटलं. म्हणजे ऐट गेली नव्हती, तिने कपडे बदलले होते. ‘मी निवडक ऐकतो’ म्हणण्यात जी प्रतिष्ठा होती, ती ‘मी सगळं ऐकतो’ म्हणण्यात आली.

त्याच वर्षी, त्याच संशोधन नियतकालिकात बेथनी ब्रायसन यांचा एक निबंध आला. त्यांनी प्रश्न उलटा विचारला: लोकांना काय आवडत नाही? १९९३ च्या सर्वेक्षणातले अठरा संगीतप्रकार घेऊन त्यांनी पाहिलं, तर जास्त शिकलेल्या लोकांच्या नावडीची यादी खरोखरच लहान निघाली. पण त्या छोट्या यादीत हमखास दिसणारे प्रकार चारच होते: रॅप, हेवी मेटल, कंट्री आणि गॉस्पेल. या चारांचे चाहते सर्वांत कमी शिकलेले होते. निबंधाच्या शीर्षकाचा सूर असा होता: काहीही चालेल, फक्त हेवी मेटल नको.

गंमत बघा. तिकडे जे नको होतं, ते हेवी मेटल आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर प्रतिष्ठेचं झालं. मेटॅलिकाचा काळा टी-शर्ट घालणारा मुलगा शिकलेला, इंग्रजी समजणारा मानला जातो. म्हणजे सुरांत मुळात काही हलकं किंवा भारी नसतं. ते कोण ऐकतं यावर त्याचा भाव ठरतो. मग आपल्याकडच्या वाक्याची शेपटी कोणती? ‘सगळं ऐकतो, फक्त... ’ या ‘फक्त’नंतर महाराष्ट्रात काय येतं?

मी गेली काही वर्षं हे कान देऊन ऐकतो आहे. उत्तरं बहुतेक वेळा ‘ते डीजेवालं’, ‘ते मिरवणुकीतलं’, ‘ते जयंतीचं’ अशी येतात. प्रकाराचं नाव कोणी घेत नाही. नाव आहे भीमगीत. १४ एप्रिलच्या आसपास बुलडाणा जिल्ह्यातलं एकही मोठं गाव नसेल जिथे ते वाजत नाही. हजारोंच्या संख्येने रचना, कवींची आणि गायकांची तीन-चार पिढ्यांची परंपरा, वामनदादा कर्डकांसारखा (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव फिरलेला लोककवी, आणि तरीही ‘सगळं ऐकणाऱ्या’ किती जणांच्या प्लेलिस्टमध्ये यातलं एक तरी गाणं सापडतं? माली देशातला बँड सापडतो. शेजारच्या वस्तीतला आवाज सापडत नाही.

इथे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) फार अडचणीचे ठरतात. त्यांचा आवाज महाराष्ट्रात न ऐकलेला माणूस शोधून सापडणार नाही. आषाढी जवळ आली की शेगावची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते आणि रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत हाच आवाज विठ्ठलाची गाणी म्हणत असतो. आंबेडकरी घरातल्या या गायकाने भीमगीतं तितक्याच जोमाने गायली. आणि त्यांची घडण झाली ती कव्वालीत. म्हणजे विठ्ठलाचं गाणं, बाबासाहेबांचं गाणं आणि कव्वाली, तिन्हींचा गळा एकच.

हे तिन्ही प्रकार एका बैठकीत ऐकून बघा. कव्वालीतली उंच पट्टी, उघडा आवाज, पहिल्याच शब्दावर झडप घालायची रीत, ओळ संपवताना कोरसच्या हातात ती सोपवणं आणि कोरस संपायच्या आत पुन्हा वर चढून येणं, हे सगळं त्यांच्या भक्तिगीतांतही जसंच्या तसं आहे. भजनी मंडळात वाढलेला गायक विठ्ठलाला साधारणपणे आळवतो. शिंदे हाक मारतात. भीमगीतात तीच हाक समोरच्या गर्दीला असते, आणि शब्द एकही गिळला जात नाही, कारण तिथे गाणं म्हणजे माहितीही असते. एक गायक आणि त्याला ऐकणारी तीन वेगवेगळी घरं. पहिल्या घरात त्यांची कॅसेट देव्हाऱ्याजवळ ठेवलेली असायची. त्याच घराला त्यांचं दुसरं गाणं ‘मिरवणुकीतलं’ वाटतं. आवाज तोच, ताकद तीच, मग नावड संगीताची आहे असं कसं म्हणायचं?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. भीमगीतांच्या चाली उसन्या असतात, सिनेमाच्या गाण्यांवरून उचललेल्या असतात, त्यात ‘ओरिजिनल’ काय? हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा हे नवल आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) पासून कितीतरी नाट्यपदं आधीच्या लोकप्रिय चालींवर बांधलेली आहेत. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेखच छापत असत. लावणी, कानडी पदं, पुढच्या काळात ठुमरी आणि ख्याल, जिथे गोड मिळालं तिथून घेतलं. आपण त्याला परंपरा म्हणतो. भीमगीतात कव्वालीचा सवाल-जवाब, ढोलकी, सिनेमाची चाल आणि आता इलेक्ट्रॉनिक ठेका एकत्र येतो, तेव्हा त्याला नक्कल म्हणतो. हेच मिश्रण परदेशी लेबलखाली आलं असतं तर फ्यूजन म्हटलं असतं.

मिश्रण नवं नाही, आणि ते पुण्या-मुंबईतूनच यायला हवं असंही नाही, याचा पुरावा माझ्या तालुक्यातच आहे. ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) मेहकरला वकिली करायचे आणि कविता लिहायचे. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी या तरुण गायकाने स्वतः चाल लावून गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीने तिची ध्वनिमुद्रिका काढली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना बहुतेक जण याच रेकॉर्डपासून सुरुवात करतात. त्या वेळी ‘भावगीत’ हा खण बाजारात रूढ व्हायचा होता. हे नाट्यपद नव्हतं, भजन नव्हतं, लावणीही नव्हती. कविता होती, पेटी होती आणि रेकॉर्डच्या एका बाजूला मिळणारी जेमतेम तीन मिनिटं होती. आज आजी-आजोबांचं शुद्ध, सोज्वळ म्हणून जे संगीत ओळखलं जातं, ते त्या काळी कुठल्याच खणात न बसणारं होतं आणि त्याची लांबी यंत्राने ठरवली होती. ना. घं.चा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ मध्ये आला, म्हणजे गाणं लोकांच्या ओठांवर आधी पोचलं आणि पुस्तक वीसेक वर्षांनी.

पुढे हेच जोशी एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम बघू लागले. १९६७ मध्ये त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम घडवला. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. संतूर काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं, शास्त्रीय मैफलीत नुकतंच स्थिरावू पाहणारं. गिटार तर परदेशी. पहाटेपासून रात्रीपर्यंत एका मेंढपाळाचा दिवस, असा धागा धरून अहिर भैरवपासून पहाडीपर्यंत राग ओवलेले. ही रेकॉर्ड जगभर गेली. मेहकरच्या वकिलाची कविता गाणाऱ्या माणसाच्या कानातून ती निघाली, हे आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

जोशींच्या ‘सगळं ऐकण्यात’ आणि माझ्या शफलमध्ये फरक आहे. त्यांना प्रत्येक संगीताशी काहीतरी करायचं होतं: चाल लावायची, गायची, कलाकारांना एकत्र बसवायचं. कुमार गंधर्वांचंही तसंच. क्षयामुळे गाणं थांबलं तेव्हा देवासमध्ये अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, पुढे ती जमवली आणि त्यांतल्या धुनांमधून नवे राग उभे केले. या ऐकण्याची काहीतरी किंमत मोजली होती. माझ्या ऐकण्याला महिन्याचं सबस्क्रिप्शन सोडून काही लागत नाही, आणि म्हणूनच ते ‘सगळं’ मी निवडलं की मला वाढलं गेलं हे तपासावं लागतं.

वाढणारी यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगतो. एक प्रचंड तक्ता कल्पा. ओळींत ऐकणारे, रकान्यांत गाणी. तुमच्या ओळीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या ओळी शोधायच्या आणि त्यांनी ऐकलेलं पण तुम्ही न ऐकलेलं गाणं तुमच्यापुढे ठेवायचं. पद्धत साधी आणि प्रभावी आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं मोजलं जातं. त्याआधी सरकवलं तर जमा होत नाही. या तक्त्याला जात माहीत नाही, गावही माहीत नाही. पण ज्या दोन वस्त्यांची गाणी कधीच एका फोनमध्ये येत नाहीत, त्यांच्या ओळीही एकमेकींसारख्या दिसत नाहीत. मग पूल बांधला जात नाही. आपण पुढे सरकवलेलं गाणं पुन्हा समोर येण्याची शक्यता कमी होते, आणि काही वर्षांनी ते कधी आलंच नव्हतं असं वाटू लागतं. गावात असताना निदान भिंतीपलीकडून ऐकू तरी यायचं. सैलानीच्या यात्रेत कव्वाली, सिंदखेडराजाला १२ जानेवारीला पोवाडे, एप्रिलमध्ये भीमगीतं. कान बंद करायला झाकण नव्हतं. इअरफोनने ते दिलं.

आवाजाचा मुद्दा टाळून चालणार नाही. भिंती हादरवणाऱ्या स्पीकरचा त्रास खरा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती सगळ्यांना लागू आहे. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं यांची तक्रार रास्तच. पण ज्याला डेसिबलचा त्रास आहे त्याला गणपतीच्या मिरवणुकीतही तेवढाच त्रास व्हायला हवा, नवरदेवाच्या वरातीतही. तिथे तो नाचत असेल तर त्याची तक्रार आवाजाबद्दल नाही. शिवाय इअरफोनमध्ये आवाज कमी-जास्त करायचं बटण आपल्याच हातात असतं. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीत गातात. त्यात डीजे नाही, स्पीकरची भिंत नाही, फक्त तार आणि एका बाईचा खडा आवाज. ‘मला गाण्याचं वावडं नाही, गोंगाटाचं आहे’ म्हणणाऱ्याला हे ऐकायला काहीच हरकत नसावी.

पुष्कळ प्रकार ऐकण्याच्या विरोधात मी नाही. एकाच घराण्यात, एकाच भाषेत कान अडकवून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण रुंदी मोजायची असेल तर किलोमीटरमध्ये मोजू नये. वऱ्हाडातल्या खेड्यापासून सहारा हजारो किलोमीटर दूर आहे आणि फोनवर तिथे पोचायला एक बोट पुरतं. गावातली दुसरी आळी दोनशे मीटरवर असते आणि तिथलं गाणं यादीत यायला पिढ्या जातात.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘मी सगळंच ऐकतो’ म्हणालं तर त्याच्याकडे प्रल्हाद शिंद्यांची दोन गाणी मागा: एक विठ्ठलाचं आणि एक बाबासाहेबांचं. दोन्ही फोनमध्ये निघाली तर पुढच्या गप्पा मारायला मजा येईल. एकच निघालं तर दुसरं तिथेच लावा, आवाज बेताचा ठेवा आणि तीस सेकंद होऊ द्या.