पाठमोऱ्या ताजची दंतकथा

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलाविषयी दोन गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहिली अशी, की वॉटसन्स हॉटेलात जमशेटजी टाटांना ‘नेटिव्ह’ म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले. दुसरी अशी, की परदेशी वास्तुविशारदाने नकाशे पाठवले, इथल्या गवंड्यांनी ते उलटे धरले आणि इमारत पाठमोरी झाली. ते पाहून त्या बिचाऱ्याने जीव दिला. यांतली दुसरी गोष्ट मला अधिक घातक वाटते.

हॉटेल सुरू झाले 16 डिसेंबर 1903 रोजी. मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य हे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे साहाय्यक होते. ताजचे काम पुरे होण्याआधीच ते वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी यांचे. मधला प्रसिद्ध जिनाही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. नकाशे मुंबईतच तयार झाले असतील, तर ते उलटे धरण्याचा प्रश्न येतोच कुठे?

आता इमारतीकडे पाहू. दोन बाजूंना दोन पाखे, मधे मोकळी जागा, असा तिचा घाट आहे. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने, त्या मोकळ्या जागेतून होता. तिथे आज पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्या शहरातून येणार, म्हणून दार शहराकडे. वारा आणि देखावा बंदराकडून येणार, म्हणून खोल्यांची लांबलचक रांग समुद्राकडे. उकाड्याच्या गावात याहून शहाणी मांडणी कोणती?

मग इमारत पाठमोरी का वाटते? कारण आपण ती गेटवेकडून पाहतो. गेटवेभोवतीची जमीन भराव घालून तयार झाली ती 1919 पर्यंत आणि गेटवेचे उद्घाटन झाले 1924 साली, म्हणजे ताजनंतर एकवीस वर्षांनी. पुढे प्रवेशही समुद्राच्या बाजूला आला. नंतर घडलेल्या मुंबईच्या नजरेने आपण आधीच्या इमारतीला दोष देतो.

पहिल्या मजल्यावरचे सी लाउंज या वादात साक्षीला बोलावण्यासारखे आहे. दुपारचा चहा, सोबत शेव-बटाटा पुरी, खिडकीबाहेर बंदरातल्या होड्या. सुखवस्तू घराण्यांतले ‘बघण्याचे कार्यक्रम’ इथे होत आल्याची ख्याती आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात या दालनाची हानी झाली. दुरुस्तीनंतर 2010 साली ते पुन्हा उघडले. त्या खिडकीशी बसून चहा घेणारा जे सुख भोगतो, ते मूळ आराखड्याने जाणूनबुजून दिलेले आहे. तिथेच बसून पाठमोऱ्या ताजची गोष्ट सांगणे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे.

पहिल्या गोष्टीचे काय? वॉटसन्स हॉटेल खरे. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आला होता आणि 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे तिथेच दाखवली गेली. वर्णभेदही खरा होता. क्लबांच्या आणि हॉटेलांच्या दारांत तो रोज भेटत होता. पण जमशेटजींच्या अपमानाची गोष्ट सांगणारे तारीख देत नाहीत, साक्षीदारही देत नाहीत. जमशेटजींनी 1898 साली जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि हॉटेलासाठी लागणारे सामान युरोपात स्वतः हिंडून निवडले. एवढा खटाटोप एका संतापावर चालत नाही. त्यामागे या शहराला साजेसे हॉटेल हवे, हा हिशेब आणि ही हौस होती.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की त्यांचा खरा परिणाम दिसतो. एक सगळे श्रेय एका माणसाच्या मानभंगाला देते. दुसरी इथल्या कारागिरांना अडाणी ठरवून एका काल्पनिक साहेबासाठी हळहळते. वैद्य आणि मिर्झा या दोहोंच्या फटीतून गळून पडतात. साहेबाने आपल्याला बाहेर ठेवले याचा राग आपण शंभर वर्षे जपला आणि जी इमारत आपल्या माणसांनी आखली, ती त्याच साहेबाच्या नावावर चढवून मोकळे झालो.

यापुढे कोणी पाठमोऱ्या ताजची गोष्ट सांगू लागला, तर त्या वास्तुविशारदाचे नाव विचारावे. त्याला ते सांगता येणार नाही. आपण सांगावे : सीताराम खंडेराव वैद्य.