मुखकर्करोगातील पेशी-आसंजक रेणू : पूर्वानुमानाच्या दाव्याची चिकित्सा

बीजसंज्ञा : मुखकर्करोग, ई-कॅडहेरिन, जैवसूचक, लसिकाग्रंथी, पूर्वानुमान.

प्रस्तावना

तंबाखू, गुटखा व सुपारी यांच्या सेवनामुळे भारतीय पुरुषांत मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. एकाच आकाराच्या दोन गाठींपैकी एक शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवत नाही, तर दुसरी अल्पावधीत मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचते. हा फरक आधीच ओळखण्यासाठी पेशी-आसंजक रेणू उपयुक्त ठरतील, असा दावा अनेक संशोधनपर लेखांतून केला जातो. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा केली आहे.

दाव्याचा आधार

पेशींना एकमेकींशी वा भोवतालच्या आधारद्रव्याशी जोडून ठेवणारी प्रथिने म्हणजे पेशी-आसंजक रेणू. त्यांत ई-कॅडहेरिन प्रमुख होय. कॅल्शियमच्या उपस्थितीत शेजारच्या पेशींवरील ई-कॅडहेरिनचे रेणू परस्परांशी जोडले जातात. पेशीच्या आत कॅटेनिन प्रथिनांमार्फत ते ॲक्टिनच्या सांगाड्याशी संलग्न असतात. जनुकाच्या नियंत्रक भागाचे मिथिलीकरण झाल्यास, किंवा स्नेल व ट्विस्ट या प्रथिनांनी जनुकाचे कार्य दडपल्यास, ही जोडणी शिथिल होते आणि पेशी सुट्या होऊन पसरू शकतात. ई-कॅडहेरिनचा ऱ्हास आणि लसिकाग्रंथींतील प्रसार यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. दाव्यामागील जीवशास्त्र भक्कम आहे, यात शंका नाही.

दाव्यातील उणिवा

प्रश्न मोजमापाचा आहे. ऊतीच्या छेदावर प्रतिपिंडाने रंग चढवून ई-कॅडहेरिन पाहिले जाते. परंतु वापरलेले प्रतिपिंड, गुणांकनाची पद्धत आणि ‘ऱ्हास’ ठरविणारी मर्यादा अभ्यासागणिक बदलते. रुग्णसंख्या बहुधा लहान व एकाच रुग्णालयातील असते. जैवसूचकांच्या अभ्यासांचे वृत्त कसे द्यावे, याविषयी ‘रिमार्क’ ही मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे पालन मात्र सर्वत्र होत नाही.

दुसरी उणीव नमुन्याच्या जागेची. ऱ्हास प्रामुख्याने गाठीच्या आत शिरणाऱ्या कडेला दिसतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या लहान बायॉप्सीत ही कड येईलच असे नाही. ज्या क्षणी भाकिताची गरज असते, त्याच क्षणी ते हाती नसते.

तिसरी उणीव संकल्पनेची. २०१७ मध्ये पुरम व सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगातील एकेका पेशीचे विश्लेषण केले. गाठीच्या कडेवरील पेशी आवरणपेशींचे गुणधर्म पूर्णपणे न सोडता अंशतः रूपांतरित झालेल्या त्यांना आढळल्या. त्यामुळे ‘ई-कॅडहेरिन आहे म्हणजे धोका नाही’ हे सरळ समीकरण टिकत नाही.

उपयुक्ततेची कसोटी

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभिक अवस्थेतील मुखकर्करोगात मानेच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्यास तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी वाढल्यावरच काढलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. मात्र सुरुवातीलाच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के रुग्णांच्याच ग्रंथींत कर्करोग आढळला. उरलेल्यांची मानेची शस्त्रक्रिया टाळता आली असती काय, हे सांगू शकेल तोच जैवसूचक खरा उपयुक्त. यासाठी सांख्यिकीय संबंध दाखविणे पुरेसे नाही. एखाद्या रुग्णाला ‘धोका नाही’ असे चुकीने सांगितले गेले, तर त्याची किंमत त्याच्या जीविताने मोजावी लागते.

याउलट, गाठ किती मिलिमीटर खोल गेली हे साधे मोजमाप अमेरिकन संयुक्त समितीच्या टप्पानिर्धारणाच्या आठव्या आवृत्तीत समाविष्ट झाले. त्यासाठी महागडे प्रतिपिंड लागत नाही. नव्या रेणूने या मोजमापापेक्षा अधिक काय सांगितले, हे दाखविण्याची जबाबदारी संशोधकाची आहे.

समारोप

पेशी-आसंजक रेणूंनी कर्करोगाचा प्रसार समजण्यास मोठी मदत केली. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय घेण्याइतके ते अद्याप विश्वसनीय ठरलेले नाहीत. पाश्चात्त्य देशांत जिभेचा, तर भारतात गाल व हिरड्यांचा कर्करोग अधिक आढळतो. म्हणून तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही. आणखी एका लहान अभ्यासाची भर घालण्यापेक्षा अनेक महाविद्यालयांनी एकच प्रतिपिंड, एकच गुणांकन आणि पूर्वनियोजित पाठपुरावा स्वीकारून संयुक्त अभ्यास करणे अधिक फलदायी ठरेल.