मॅगीचा भाऊ

जॉर्ज एलियट हे नाव पुरुषी. ते घेणारी मेरी अ‍ॅन एव्हन्स ही इंग्लंडातल्या वॉरिकशरमधली, १८१९ सालची. तिच्या खाजगी आयुष्याची गोष्ट निघाली, की लोक लगेच जॉर्ज हेन्री लुईसकडे वळतात. लुईसच्या बायकोला दुसऱ्यापासून मुले झाली; त्याने उदारपणे त्यांना आपले नाव दिले, आणि नेमका तो उदारपणाच घटस्फोटाच्या आड आला! १८५४ पासून लुईसच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, ही बाई लग्नावाचून त्याची पत्नी म्हणून राहिली.

या नात्याचा बभ्रा पुष्कळ झाला. मला मात्र तिचा भाऊ आयझॅक अधिक महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षांनी मोठा. लहानपणी ही सदा त्याच्या पाठोपाठ. १८५७ साली तिने आपल्या संसाराची बातमी त्याला पत्राने कळवली. उत्तर आले ते वकिलामार्फत. लग्न कायदेशीर नाही हे कळताच त्याने संबंध तोडला, आणि बहिणींनाही तोडायला लावला.

तीन वर्षांनी, १८६० साली, ‘द मिल ऑन द फ्लॉस’ प्रसिद्ध झाली. तीत मॅगी आणि टॉम ही भावंडे आहेत. टॉमच्या सशांना खाऊ घालायला विसरणारी, स्वतःचे केस स्वतःच कापून टाकणारी मॅगी कोण, हे सांगायला नकोच. पण टॉमला पाहा. बहिणीला घराबाहेर काढणारा हा भाऊ लेखिकेने सहज दुष्ट करून टाकला असता. तसे न करता तिने त्याला बापाचे कर्ज फेडण्यासाठी पोरवयात राबायला लावले, त्याच्या ताठरपणाला कष्टांचे कारण दिले. ज्याने आपल्याला टाकले त्याची बाजू इतक्या नेकीने मांडणे फार थोड्यांना जमते. आपल्याकडे भाऊबीजेच्या कथा दरवर्षी ढिगाने येतात. त्यांतले भाऊ एक तर देव असतात, नाहीतर बायकोचे गुलाम!

शेवट मात्र मला पटत नाही. पुराची चाहूल आधीपासून दिलेली आहे, तक्रार पुराबद्दल नाही. पण उभ्या कादंबरीत न वाकलेला टॉम होडीत क्षणभरात वाकतो, आणि बहीणभाऊ एकमेकांना मिठी मारून बुडतात. ही मिठी टॉमची नव्हे, लेखिकेची आहे. तिथे तिचा न्यायीपणा सुटला. कादंबरी त्याने उणी झाली, असेच मी म्हणेन. पण ते पान मी पुनःपुन्हा वाचतो, हेही खरे.

मे १८८० मध्ये तिने आपल्याहून वीस वर्षांनी लहान अशा जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केले. तेवीस वर्षांनी आयझॅकचे पत्र आले, अभिनंदनाचे. इंग्लंडभर गाजलेल्या तिच्या पुस्तकांनी जे झाले नाही, ते चर्चमधल्या नोंदीने झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला ती वारली. हायगेटच्या दफनभूमीत, लुईसजवळच, तिला पुरले. त्या अंत्यविधीला आयझॅक आला होता.