दुसऱ्याच्या नजरेतलं जग आणि मराठी पडदा

कोकणातल्या कुणकेश्वरला समुद्र एकच, पण तो दिसतो प्रत्येकाला वेगळा. महाशिवरात्रीच्या यात्रेत देवस्वाऱ्यांसोबत पाण्यात उतरणाऱ्या भाविकाला तो तीर्थ वाटतो. रापणीचं जाळं लावणारा पाण्याचा बदललेला रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून मासळी कुठे आहे ते ताडतो. सुटीला आलेला पर्यटक मावळतीचा फोटो काढून निघतो. या तिघांचा समुद्र दाखवणं कलेला फारसं जड जात नाही. पण ज्याची दृष्टी, स्मृती किंवा मनच वेगळ्या रीतीने चालतं, त्याचं जग बाकीच्यांपर्यंत कसं पोचवायचं? गेल्या वीसेक वर्षांत मराठी चित्रपटाने हा प्रश्न पुन्हा पुन्हा हाती घेतला आणि त्यासाठी अनेकदा कोकणच निवडलं. या प्रयत्नांचा जमाखर्च आता मांडायला हवा.

सुरुवात २००४ पासून करावी लागते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये कोकणातल्या छोट्या परशुरामला डोळ्यांचा कर्करोग झाला आहे आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार आहे. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात आणि जग दाखवतात. ‘श्यामची आई’नंतर मराठीला पहिल्यांदा सुवर्णकमळ मिळालं ते या चित्रपटामुळे. त्याची ताकद अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावर आहे : पाहणाऱ्या नातवाकडे पाहणारा आजोबा. मर्यादाही तिथेच आहे. आपण आजोबांच्या काळजात शिरतो. परशुरामला काय आणि कसं दिसतंय, हे मात्र बहुतांशी बाहेरूनच कळतं.

त्याच वर्षीच्या ‘देवराई’त सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर स्किझोफ्रेनियाकडे वळले. अतुल कुलकर्णी यांचा शेष शहरात बहिणीकडे येतो, पण गावची देवराई त्याला सोडत नाही. ती त्याला आधारही देते आणि घेरूनही टाकते. इथे झाडं कथेची पार्श्वभूमी राहत नाहीत, ती शेषच्या मनाचा भाग होतात. आजाराची माहिती देण्याची जबाबदारी चित्रपट जिथे अंगावर घेतो, तिथे मात्र तो सैल पडतो.

ही अडचण ‘अस्तु’मध्ये बरीच सुटली. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती विरत चालली आहे. रस्त्यात हत्ती दिसतो आणि मुलीने गाडीत बसवून ठेवलेले शास्त्रीबुवा उतरून त्याच्यामागे चालू लागतात. मुलीच्या दृष्टीने बाप हरवला. बापाच्या दृष्टीने मात्र हत्ती सापडला आहे. डॉ. मोहन आगाशे यांच्या नजरेत त्या क्षणी भीती नसते, मुलाचं कुतूहल असतं. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलते, तिला निदान ठाऊक नाही. ती त्यांना न्हाऊ-जेवू घालते आणि ते तिच्यात आई पाहतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकही वैद्यकीय शब्द न उच्चारता हा प्रसंग स्मृतिभ्रंश आतून दाखवतो.

कोकणच्या किनाऱ्यावर घडणारा ‘कासव’ नैराश्याबद्दल बोलतो. आलोक राजवाडेचा तरुण बराच वेळ गप्प असतो, आणि इरावती हर्षे यांची जानकी त्याला बोलतं करायची घाई करत नाही. प्रेक्षकालाही त्याच संथ वेळेत थांबावं लागतं. चित्रपटाची गती आणि खचलेल्या मनाची गती इथे जुळते. कासवाचं रूपक मात्र संवादांतून वारंवार उलगडलं जातं. तेवढा भरवसा प्रेक्षकावर ठेवायला हवा होता.

२०२५ च्या ‘दशावतार’मध्ये सुबोध खानोलकरांनी दृष्टी मंदावत चाललेला कलावंत मध्यभागी आणला. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री रंगमंच पावलांनी आणि सवयीने ओळखतो. मंद दिसणाऱ्या डोळ्यांना दशावताराचा उजेड, चेहऱ्यावरचा रंग, मृदंगाचा ताल कसा जाणवत असेल, हे शोधण्याची मोठी संधी इथे होती. उत्तरार्धात खाणीचा प्रश्न आणि सूड कथा व्यापून टाकतात आणि ती वाट अर्धवट राहते.

या साऱ्या चित्रपटांना जोडणारी उणीव आवाजाची आहे. जग वेगळं जाणवतं म्हणजे ते वेगळं ऐकूही येतं. आपले चित्रपट मात्र कठीण प्रसंगी पार्श्वसंगीत वाढवून प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते सांगतात. सिंधुदुर्गातच पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हुडूक, वीणा आणि टाळाच्या साथीने पोथीतलं चित्र पुढे धरून कथा सांगत आले आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. चित्र स्थिर असतं. आवाज बदलला की त्याच मोठ्या डोळ्यांत कधी राग दिसतो, कधी करुणा. डोळ्याला कानाने वळवण्याची ही विद्या आपल्या ध्वनिसंयोजकांनी जवळ बसून शिकावी अशी आहे.

मराठी चित्रपटाने करुणेने पाहायला शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण आजवरची बहुतेक कथानकं सांभाळणाऱ्याची आहेत : आजोबा, बहीण, मुलगी, जानकी. अंध, कर्णबधिर, स्वमग्न किंवा मनोविकारातून गेलेली माणसं लेखनाच्या टेबलाशी, संकलनाच्या खोलीत आणि ध्वनिमुद्रणात निर्णय घेणारी म्हणून बसतील, तेव्हा त्यांचं जग आपल्याला अंदाजाने रचावं लागणार नाही. निर्मात्यांनी पुढचा पैसा तिथे लावावा.