नकार दिला कुणी?

मंडळी, कायद्याने घातलेल्या बंदीवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. आज आपण कायद्याने न घातलेल्या बंदीकडे पाहू.

२०२५च्या जुलैत स्टीम या संगणकखेळांच्या बाजारातून प्रौढांसाठीचे बरेच खेळ गेले. इच.आयओने तर असे खेळ शोधात दिसेनासेच केले. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या एका संघटनेने कार्ड आणि पेमेंट कंपन्यांवर दबाव आणला होता. स्टीमची मालक व्हॉल्व्ह म्हणाली, पैसे वळते करणाऱ्यांचे आणि बँकांचे नियम आडवे येतात. मास्टरकार्डने जाहीर केलं, आम्ही कुठला खेळ तपासला नाही, निर्बंध घालायलाही सांगितलं नाही. म्हणजे खेळ गेले, पण नकार देणारा सापडत नाही!

आता हे आपल्याकडच्या एका खटल्याशेजारी ठेवून बघा. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेची तक्रार झाली, पुण्यात खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सोडलं. सात वर्षं गेली माणसाची, ती काही थोडी नव्हेत. पण तक्रारदाराला नाव होतं, कलम २९२ होतं, आणि न्यायमूर्तींनी कथा वाचून, तिचं कथानक मांडून, कारणं देऊन निकाल दिला. ती कारणं आज आपण तपासू शकतो, त्यांच्याशी भांडूही शकतो.

त्या खेळांपैकी काही किळसवाणे आहेत, बरं का. बलात्काराची करमणूक करणाऱ्या खेळाची वकिली आम्ही करणार नाही. तो बंद करायचा तर संसदेने करावा. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांचे व्यवहार बँकांना बंद करायला सांगितले. तो कायदा पटो न पटो, त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं.

वयाच्या पडताळणीचंही तसंच. लहान मुलांना हे दिसू नये, याबद्दल आमचा वाद नाही. ब्रिटनने त्यासाठी रीतसर कायदा केला. पण स्टीमने तिथे वयाचा पुरावा म्हणून काय धरलं? क्रेडिट कार्ड! ज्यांच्या नियमांमुळे खेळ गेले असं सांगतात, त्यांच्याच कार्डावर आता माणूस सज्ञान ठरतो. नागपुरात दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून काय ते ठरवतो, आणि विसरून जातो. इथे नोंद राहते. शिवाय आपल्याकडे साठी उलटलेल्या कितीतरी माणसांकडे क्रेडिट कार्ड नाहीच. त्यांनी आपलं वय कुणाला विचारायचं?