फलंदाजांची प्रतवारी

कालिदास श्रेष्ठ कीं भवभूति श्रेष्ठ, मोरोपंत मोठा कीं वामन, असले वाद आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आले आहेत, आणि त्यांचा निकाल लागला नाहीं म्हणून कोणाचें अडलेंहि नाहीं. निरनिराळ्या काळांतील फलंदाजांची तुलना हा त्याच जातीचा वाद होय. फरक इतकाच कीं, काव्याच्या वादांत दोन्ही पक्षांच्या हातीं मूळ ग्रंथ असतो. ज्याला शंका असेल त्यानें पुस्तक उघडून पाहावें. जुन्या फलंदाजाचा डाव मात्र संध्याकाळीं यष्ट्या उचलल्या कीं संपला. मागें उरतात ते आंकडे, आणि ज्यांनीं तो डाव पाहिला त्यांच्या आठवणी. आठवणी पक्षपाती असतात हें सर्वांसच ठाऊक आहे. आंकडेहि तितकेच पक्षपाती असूं शकतात, हें मात्र सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

या वादांतून डोनाल्ड ब्रॅडमन याला आरंभींच बाजूस काढलेला बरा. १९२८ ते १९४८ या काळांत ५२ कसोटी सामने, ६,९९६ धांवा, २९ शतकें आणि ९९.९४ ची सरासरी ही त्याची कामगिरी. ओव्हलवरील शेवटच्या डावांत हॉलीस यानें दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडविला नसता, आणि आणखी चार धांवा झाल्या असत्या, तर ती सरासरी शंभर भरली असती. परंतु तो प्रश्न गौण आहे. महत्त्वाचें हें कीं, त्याच्याच काळांत खेळणारे हॅमंड व हेडली यांच्यासारखे धुरंधर साठीच्या आसपास थांबले. आणि १९३२-३३ सालीं त्याला जेरबंद करण्यासाठींच इंग्लंडनें बॉडीलाइनची योजना आंखली, तेव्हांहि त्याची सरासरी ५६.५७ राहिली. समकालीनांपासून अंतर किती, यावरून फलंदाजाचें मोजमाप करावें, ही कसोटी ब्रॅडमनपुरती पुरेशी आहे. त्याच्या खालच्या जागा ठरवितांना मात्र ती अपुरी पडते. हें दाखविण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. विजय मर्चंट यांचें उदाहरण पुरेसें आहे.

प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मर्चंट यांची सरासरी ७१.६४. पुरेसे डाव खेळून ज्यांनीं कारकीर्द संपविली अशा फलंदाजांत ब्रॅडमनच्या ९५.१४ खालोखाल हाच आंकडा येतो. रणजी करंडकापुरतें पाहिलें तर तो ९८.७५ पर्यंत चढतो. यावरून मर्चंट हे जगांतील दुसऱ्या क्रमांकाचे फलंदाज ठरतात काय? त्यांचे भक्त होय म्हणतात. टीकाकार म्हणतात कीं, १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत कसोटी सामने अवघे दहा, त्यांतील सरासरी ४७.७२, तेव्हां बाकीचें सारें घरच्या मैदानावरचें ऐश्वर्य होय. महायुद्धानें त्यांच्या ऐन उमेदीचीं वर्षें गिळलीं, हें विसरून चालणार नाहीं. तथापि टीकाकारांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असेंहि नाहीं.

त्या दशकांत आपल्याकडील खेळपट्ट्या गोलंदाजांवर जणूं रुसलेल्याच होत्या. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम झुंजींत मर्चंट यांनीं हिंदु संघातर्फे नाबाद २५० धांवा केल्या. विजय हजारे यांनीं प्रतिपक्षाच्या दुसऱ्या डावांतील ३८७ धांवांपैकीं एकट्यानें ३०९ काढल्या. बंधु विवेक यांच्याबरोबर त्यांची जी ३०० धांवांची भागी झाली, तींत विवेक यांचा वांटा २१ चा होता! पुढें १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर यांनीं काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ पर्यंत मजल मारली. ब्रॅडमनच्या ४५२ च्या उच्चांकास नऊ धांवा कमी असतां काठियावाडच्या कर्णधारानें सामनाच सोडून दिला. त्या हुकलेल्या विक्रमाची हळहळ पुष्कळांनीं व्यक्त केली आहे. मला त्याहून बोलकी वाटते ती पुढची गोष्ट: निंबाळकरांस एकहि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. निवड करणाऱ्यांनीं अन्याय केला असेलहि; परंतु घरच्या खेळपट्टीवरील धांवांचें नाणें जाणत्यांच्या बाजारांत किती बट्ट्यानें चाले, हें त्यावरून कळतें.

मग मर्चंट यांचें नाणेंहि त्याच बट्ट्यानें घ्यावयाचें काय? येथें १९४६ चा इंग्लंडचा दौरा साक्षीस येतो. त्या वर्षींचा तेथील उन्हाळा ओला होता. त्या काळीं सामना चालू असतां खेळपट्टी आजच्यासारखी पूर्णपणें झांकीत नसत. भिजलेली माती वाळूं लागली कीं चेंडू कधीं वळे, कधीं उसळे, कधीं खालींच बसे. अशा ठिकाणीं मर्चंट यांनीं दौऱ्यांत २,३८५ धांवा केल्या, त्या ७४.५३ च्या सरासरीनें. घरच्या खेळपट्टीनें फुगविलेला आंकडा परक्या ओल्या भूमीवर गळावयास पाहिजे होता. हा उलट वाढला. मला हा पुरावा निर्णायक वाटतो. त्यांचा प्रसिद्ध लेट कट हा नुसता अलंकार नव्हता. भिजक्या खेळपट्टीवर जो फलंदाज चेंडूची अखेरपर्यंत वाट पाहतो तोच टिकतो, आणि त्या फटक्यांत वाट पाहण्याची ती संवय मूर्तिमंत दिसे.

तरी एक प्रश्न मर्चंट यांस विचारलाच गेला नाहीं. १९४७-४८ सालीं भारतीय संघ ऑस्ट्रेलियास गेला तेव्हां प्रकृतीमुळें ते जाऊं शकले नाहींत. लिंडवॉल व मिलर यांच्या वेगापुढें उभें राहण्याची पाळी हजारे यांच्यावर आली. अ‍ॅडलेड येथें ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवांचा डोंगर रचला, आणि हजारे यांनीं दोन्ही डावांत शतकें झळकविलीं: ११६ आणि १४५. दुसऱ्या वेळीं सबंध संघाच्या धांवा २७७ होत्या. १९५२ सालीं लीड्सच्या दुसऱ्या डावांत भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले. ट्रूमन हा तेव्हां पहिलाच कसोटी सामना खेळत होता. त्या पडझडींत कर्णधार हजारे यांनीं ५६ धांवा काढल्या. पंचरंगींतील ३०९ आणि लीड्सच्या ५६ तराजूंत घातल्या तर मी ५६ चें पारडें जड मानीन.

भारतीय फलंदाज वेगाला भितो, हा समज लीड्सच्या त्या फलकानें पक्का केला. तो खोडून काढला सुनील गावस्कर यांनीं. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यांतील त्यांच्या ७७४ धांवांचें स्तोत्र आपण सर्वांनीं गाइलें आहे. परंतु हॉल व ग्रिफिथ तेव्हां निवृत्त झालेले होते आणि पुढची भयंकर पिढी अजून यावयाची होती, हें त्या स्तोत्रांत येत नाहीं. खरें मोल १९८३ च्या दिल्लीच्या शतकाचें. त्याआधींच कानपुरास मार्शलच्या एका चेंडूनें गावस्करांच्या हातांतील बॅट उडविली होती. लगेच पुढच्या सामन्यांत, त्याच मार्शल व होल्डिंगपुढें, त्यांनीं ९४ चेंडूंत शतक पुरें केलें. एका षटकांतील उसळत्या चेंडूंस लगाम घालणारा नियम अजून यावयाचा होता, आणि सलामीस जाणाऱ्यास नवा चेंडू चुकत नसतो.

सचिन तेंडुलकर यांच्या फटक्यांचें भांडार याहून मोठें. २०० सामने व १५,९२१ धांवा यांविषयीं कांहीं सांगावयास नको. अठराव्या वर्षीं पर्थच्या वेगवान खेळपट्टीवर केलेल्या ११४ धांवा एकट्याच पुरेशा आहेत. तरीहि मी गावस्करांस एक पायरी वर ठेवतों, कारण तेंडुलकरांस जो निर्भयपणा वारशानें मिळाला तो गावस्करांस स्वतः कमवावा लागला. हा निर्णय पुष्कळांस, विशेषतः तरुण वाचकांस, रुचणार नाहीं याची मला जाणीव आहे.

तिसऱ्या जागेसाठीं मर्चंट आणि हजारे यांत निवड करणें अधिक अवघड. वेगाच्या परीक्षेस हजारे बसले व उत्तीर्ण झाले, मर्चंट बसलेच नाहींत. परंतु १९४६ ची प्रश्नपत्रिका दोघांस एकच होती, आणि त्या दौऱ्यांत हजारे यांची सरासरी मर्चंट यांच्या जवळपासहि आली नाहीं. जी परीक्षा दिली नाहीं तींत एखाद्यास अनुत्तीर्ण धरणें न्यायाचें नव्हे. म्हणून मी मर्चंट यांस तिसरी जागा देतों. १९५१ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या चाळिशींत, ते दिल्लीस इंग्लंडविरुद्ध खेळले. इंग्लंडनें पाठविलेला संघ पहिल्या प्रतीचा नव्हता. मर्चंट यांनीं १५४ धांवा केल्या, त्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना त्यांचा खांदा दुखावला, आणि पुन्हां ते कसोटी सामन्यांत उतरले नाहींत. त्या डावांत दुसऱ्या टोकास हजारे होते. ते १६४ वर नाबाद राहिले.