चांद्याच्या वेढ्याचा देखावा : एका आराखड्याचें परीक्षण

शिसें-कथलाचे संग्राह्य शिपाई मांडून ऐतिहासिक प्रसंगाचा देखावा उभारण्याचा छंद आपल्याकडेही आहे. कोरपन्याकडील एका संग्राहकानें असा एक आराखडा अभिप्रायार्थ धाडला आहे. दोन फूट औरसचौरस फळी, ५४ मिलिमीटर उंचीचे चाळीस शिपाई, पाठीमागें माणिकगड, आणि प्रसंग इ. स. १८१८ मधील इंग्रजांच्या हल्ल्याचा. उद्योग स्तुत्य आहे. मांडणी मात्र कसोटीस उतरत नाहीं.

प्रथम स्थळ. गडचांदूरपलीकडील डोंगरांतला माणिकगड लेखकास जवळचा, हें समजण्यासारखें आहे. परंतु १८१८ चा वेढा पडला तो चांद्यास. १७ एप्रिल रोजीं पांढरकवड्याजवळ शिवणी येथें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा मोड केल्यावर कर्नल अॅडम्स चांद्यावर चालून गेला, व २० मे रोजीं तटास पाडलेल्या खिंडारांतून त्याच्या फौजा शहरांत शिरल्या. किल्लेदार गंगासिंग या झुंजींत पडला. हा प्रसंग उचलून दुसऱ्या गडावर ठेवण्याचा अधिकार कोणासही नाहीं. देखावा पाहणाराच्या मनांतून तो मागाहून कागदांनीं पुसला जात नाहीं.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. आणि खरी मेख येथेंच आहे. ५४ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे सुमारें बत्तिसास एक हें प्रमाण. चांद्याचा तट घेरानें सुमारें ६ मैल. या प्रमाणांत तो ९९० फूट भरेल! १५ ते २० फूट उंचीची भिंत मात्र साडेपांच ते साडेसात इंचांत बसते. दोन फुटांची फळी ही प्रत्यक्षांत ६४ फूट जमीन होय. तिच्या दोन कडांस बंदूकधारी रांगा उभ्या करणें हास्यास्पद आहे. इतक्या अंतरावर गोळीबार नव्हे, हातघाईच संभवते. तेव्हां दृश्य खिंडाराचेंच हवें.

क्षण निवडतांना काय बिकट प्रसंग येतो, हें कॅप्टन सायबोर्नच्या वॉटर्लूवरून दिसतें. त्यानें रणभूमीवर आठ महिने राहून मोजणी केली, १८३८ त लंडनमध्यें प्रतिकृति मांडली, आणि सायंकाळीं सातच्या सुमारास प्रशियन फौज कोठें होती यावरून वाद माजला. मोजणी बिनचूक असूनही वाद चुकला नाहीं. आमच्या संग्राहकानें तर मोजणीच केलेली नाहीं.

शिपायांविषयीं थोडक्यांत. किल्ल्याच्या बाजूस दिवाळीच्या बाजारांतले मावळे योजिले आहेत. ते शिवकालीन घाटाचे, आणि ही शिबंदी नागपूरकर भोसल्यांची, दीडशें वर्षांनंतरची. हल्लेखोरांचे सारे चेहरे गोरे रंगविले आहेत. वस्तुतः कंपनीच्या त्या पलटणींत हिंदी शिपायांचाच भरणा होता. ही चूक कुंचल्याची नसून समजुतीची आहे.

जमिनीवर अहळीव पेरून हिरवळ करण्याची सूचनाही दिवाळींतलीच. मे महिन्यांत या मुलखांत साग निष्पर्ण असतो व माती भेगाळते. तेथें पिंवळट धूळ आणि वाळकीं पानें पसरावीं.

आमची सूचना अशी कीं, दहाबारा शिपाई खिंडारांत ठेवून उरलेले पेटींतच राहूं द्यावे. माणिकगडासाठीं निराळी फळी करावी. तिच्यावर शिपाई नकोत, दरवाज्यावरील नागशिल्प तेवढें मोजून कोरावें.